पान्याचा दिवा लागला: शोरूम, ओळखीचं गॅरेज की घरच्या घरी बटण?

जुन्या गाडीची किल्ली फिरवली आणि मीटरमध्ये पिवळा पाना दिसला की घरात लगेच तीन सल्ले तयार असतात. एक म्हणतो शोरूमला टाक, दुसरा म्हणतो आपला गॅरेजवाला आहे ना, आणि तिसरा म्हणतो काही नाही रे भो, बटण दाबून धर, जातो तो. आमची २०१३ ची डिझेल गाडी आहे, रोज जळगाव शहरात, आठवड्याला यावलकडे शेतात आणि अधूनमधून धुळ्याला सासरवाडी. मी तिन्ही सल्ले ऐकून बघितलेत म्हणून ज्याला ठरवायचंय त्याच्यासाठी लिहितोय.

आधी दिवा नीट ओळखा. बहुतेक गाड्यांत पाना म्हणजे सर्व्हिसची आठवण, बिघाड नाही, पण काही कंपन्यांत त्याचा अर्थ वेगळा असतो म्हणून मॅन्युअलमध्ये बघून घ्या. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा वेगळा, तो सेन्सरने काहीतरी पकडलंय म्हणून लागतो. आणि तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं, तिथे तुलना वगैरे काही नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत पान्याच्या मागे फक्त मोजणी असते, शेवटच्या रिसेटपासून इतके किमी किंवा इतके महिने, बऱ्याच गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष यातलं जे आधी होईल ते. तेल खरंच खराब झालंय का, तेल बदललंय का, हे त्या दिव्याला कळतच नाही. तेल बदलून रिसेट केलं नाही तरी तो लागतो आणि तेल न बदलता रिसेट केलं तरी तो गप बसतो. सगळा घोळ इथेच होतो.

घरच्या घरी रिसेट करणं फुकट आहे आणि अवघडही नाही. बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद असताना ट्रिपचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून किल्ली ऑनवर न्यायची आणि दिवा जाईपर्यंत सोडायचं नाही, पण प्रत्येक मॉडेलचं थोडं वेगळं असतं म्हणून मॅन्युअलचं पान उघडूनच करा. बॅटरीची वायर काढून लावली की जातो असं लोक छातीठोक सांगतात, तर बऱ्याच गाड्यांत ही मोजणी मेमरीत राहते, दिवा तसाच राहतो आणि घड्याळ नि रेडिओचं सेटिंग मात्र उडतं. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही मी आणलं, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर चेक इंजिनचे कोड छान दिसतात, पण असल्या साध्या स्कॅनरने पाना सहसा जात नाही, त्याला त्या कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तेवढ्यासाठी विकत घेऊ नका.

शोरूमचा मोठा फायदा म्हणजे रेकॉर्ड. गाडी पुढे विकायची असेल तर किमीसकट हिस्ट्री दाखवता येते, आणि कंपनीचं स्कॅनर असल्याने दिव्याचं खरं कारण लवकर सापडतं. तोटा म्हणजे खर्च, मजुरीवर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि जुनी गाडी बघितली की कामांची यादी वाढत जाते. मला एकदा इंजिन फ्लशिंग, एसी क्लीनिंग, कोटिंग सगळं जोडून दिलं होतं. मी मॅन्युअलमधला सर्व्हिसचा तक्ता समोर ठेवला आणि म्हटलं यात जे आहे तेच करा, तर बिल निम्म्याच्या आसपास आलं. तेव्हा तक्ता घेऊनच जा.

आता गॅरेज, कारण आपल्याकडे बहुतेकांची जुनी गाडी शेवटी तिथेच जाते. आमचे गॅरेजवाले दादा अजिंठा रोडच्या बाजूला बसतात. पहिल्यांदा पाना लागला तेव्हा मी म्हटलं, दादा एवढा दिवा घालवून द्या. ते म्हणाले, "दिवा आत्ताच घालवतो भाऊ, पन तेल कधी बदललं ते सांगा आधी." मला सांगता येईना. मग त्यांनी एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला, काळ्या मातीची धूळ आणि कपाशीचा कापूस असा ढीगच पडला. हे शोरूमच्या काचेआड मला कधी दिसलं नसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, शेतरस्त्याला धूळ, शहरात दोन-दोन किमीच्या फेऱ्या, आणि मॅन्युअलमध्ये अशा वापरासाठी वेगळा, कमी किमीचा तक्ता दिलेला असतो, पण पाना बहुतेक साध्या वापराचाच आकडा धरून लागतो. म्हणून मी आता दिव्याची वाट बघत नाही, ७,००० किमीला तेल नि ऑइल फिल्टर, आणि एअर फिल्टर उन्हाळ्याआधी एकदा बघून घेतो.

गॅरेजला काही गोष्टी आपणच बघायच्या. तेलाचा सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगा आणि ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच घ्या, सुट्टं तेल नको. ड्रेन बोल्टचा वायसर नवीन टाकायला सांगा. आणि डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, काळं तेल दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये नवीन तेलही थोड्याच दिवसांत काळं पडतं, बघायची ती पातळी आणि किती किमी झाले ते.

मग निवडायचं काय? तेल-फिल्टर नुकतेच बदललेत, बिल हातात आहे आणि फक्त दिवा राहिलाय, तर बिनधास्त घरी रिसेट करा. वॉरंटी संपलेली, साधी सर्व्हिस बाकी असेल तर ओळखीचं गॅरेज, मी हेच करतो. आणि सेकंडहॅण्ड घेतलीय, आधीच्या मालकाने काय केलंय माहीत नाही, तर दिवा असो नसो, तेल आणि सगळे फिल्टर एकदा बदलून तिथून शून्य धरा, आणि एकदा शोरूमला गाडीच्या नंबरवरून जुनं रेकॉर्ड निघतं का विचारा. दिवा बंद आहे म्हणून गाडी मेंटेन केलेली आहे असं समजू नका, विकणाऱ्याने आदल्या रात्री बटण दाबलेलं असू शकतं.

पान्याहून वेगळ्या एका दिव्याच्या बाबतीत मात्र मी फार कळकळीने सांगतो, टी-बेल्ट, म्हणजे टायमिंग बेल्ट बदलायची आठवण. हा बेल्ट इंजिनचे वॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडमिट करतो. जुन्या २.५ डिझेल इनोव्हासारख्या गाड्यांत टायमिंग बेल्ट असतो, जुन्या स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये चेन असते. बेल्टवाल्या गाडीत हा दिवा नुसता घालवून फिरलात आणि बेल्ट तुटला तर बहुतेक वेळा वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उघडावा लागतो. आमच्या नात्यातल्या एकांची गाडी कन्नड घाटात चढावर अशीच बंद पडली, मागे लेकरं बसलेली, चाळीसगावहून टोइंगला गाडी यायला संध्याकाळ झाली. दिवा दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी घालवून दिला होता. बेल्ट बदलताना तो ज्यांवर ताणून फिरतो ते टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगही बदला, आणि काम झालं की तारीख नि किमी मार्करने बेल्टच्या कव्हरवरच लिहून घ्या, बिल हरवतं पण ते तिथेच राहतं.