ई-रीडरवर मराठी वाचन: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर सहा इंची ई-रीडर घेतला, तो आता चांगलाच वापरून झालाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी रिव्ह्यू ढिगानं पडलेत. मला सांगायचंय ते मराठी वाचणाऱ्यांना, आणि त्यात यंत्रापेक्षा फायलींचा दोष जास्त आहे.

माझं वाचन बहुतेक पंचवटी एक्सप्रेसमध्ये होतं, नाशिकरोड ते कल्याण. पासधारकांचा डबा म्हणजे एकीकडे पत्ते, एकीकडे घोरणं, मध्येच कुणाच्या तरी डब्यातले पोहे फिरतायत. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर एका हातानं दांडी धरून उभं राहायचं. उभ्यानं जाडजूड पुस्तक धरून बघा एकदा. हे यंत्र जेमतेम दोनशे ग्रॅमचं, पान अंगठ्यानं उलटतं. कसाऱ्याच्या घाटात बोगद्यामागून बोगदे येतात तेव्हाही वाक्य तुटत नाही, कारण पडद्याला स्वतःचा उजेड आहे. चार्जिंगची आठवणसुद्धा राहत नाही इतकं ते टिकतं. यंत्राचं कौतुक इथे संपलं.

सध्या त्यावर दोन पुस्तकं आलटून पालटून चालू आहेत: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. दोन्ही पूर्वी वाचलेली. एकत्र घेण्याचं कारण १८५७. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. सगळं घर त्या सोवळ्याखाली दबलेलं, आणि बाई ते सांगताना हसवतात! हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं; त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. दुसरीकडे भटजी त्याच वर्षी कोकणातल्या वरसईहून दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. एकाच्या अंगावरून बंड गेलं, दुसरीच्या घरात ते तिच्या जन्माआधीपासून येऊन बसलं. आधी भटजींची पंचवीस-तीस पानं, मग बाईंचं एखादं प्रकरण, असं वाचलं की शाळेच्या इतिहासातलं १८५७ फारच कोरडं वाटायला लागतं.

शिवाय दोघांचं गद्य बोलण्याच्या जवळचं आहे. बाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतरची बाईंची ताटातुटीची वर्षं वाचताना घशाशी येतं, पण बाई कुठे गळा काढत नाहीत. गर्दीत वाचायला असंच गद्य लागतं. लांबलचक वाक्यांची समीक्षा मी गाडीत वाचूच शकत नाही.

आता तक्रारी. जुन्या पुस्तकांच्या फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या फायली पानं स्कॅन करून, यंत्राकडून अक्षरं ओळखवून घेतलेल्या असतात, आणि पुढे त्यावर कुणी नजर फिरवलेली नसते. माझ्या फायलीत भटजींचे जागोजाग ‘मटजी’ झालेत. घोड्याचा ‘धोडा’. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ तर पानोपानी, ते आता डोळ्यांना सवयीचं झालं. ‘मटजी’ मात्र अजून खटकतं.

त्याहून वाईट म्हणजे फायलीवर आवृत्तीच लिहिलेली नाही. ‘माझा प्रवास’च्या बाबतीत हे चालत नाही. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी तो छापला तेव्हा मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ची. दोन्हींतले भटजी वेगळे बोलतात. छापील पुस्तकात पहिली दोन पानं उलटली की कळतं आपण काय वाचतोय. इथे सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन छापील प्रत शेजारी ठेवून ताडून पाहावं लागलं, तेव्हा कळलं की माझी फाईल वैद्यांची.

शब्दकोशाची गंमत वेगळीच. शब्दावर बोट दाबलं की अर्थ येतो असं म्हणतात, पण माझ्या रीडरमध्ये मराठी कोशच नाही, हिंदीचा उघडतो. मराठी कोश असता तरी ‘यजमानांकडे’ या शब्दातून ‘यजमान’ काढायची अक्कल त्याला हवी. विभक्ती लागली की मूळ शब्द हरवला. मी फोनवर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडून ठेवतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यामुळे भटजींच्या तोंडचे अडलेले शब्द त्यात बहुतेक मिळतातच. इगतपुरीपुढे रेंज गेली की मात्र संपलं.

आई वाचते तेव्हा अक्षर मोठं करते. तिच्यासाठी ही खरी सोय: मोतीबिंदूनंतर तिनं छापील पुस्तक सोडलं होतं, ती आता दुपारी तासभर वाचते. पण मोठ्या अक्षरात ओळीला चारच शब्द बसतात, आणि हे यंत्र मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडत नसल्यानं दोन शब्दांमध्ये बोटभर खिंडारं पडतात. सेटिंगमध्ये दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा पर्याय बंद करून फक्त डावीकडून ओळ लावा, निम्मा त्रास जातो. हे कुठेच लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

पीडीएफच्या वाटेला जाऊ नका. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची फुकट पुस्तकं हा खजिना आहे, पण ती लॅपटॉपवर वाचावीत. सहा इंचांत अख्खं पान कोंबलं की मुंगीएवढी अक्षरं, मोठं केलं की पान इकडून तिकडे सरकवत बसा.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी कागदावरच वाचतोय, महिन्याला एकच लेख, ज्या त्या महिन्यात. ते उशाशी पडून असतं, आणि तसंच बरं. दि. बा. मोकाशींचं वारीवरचं पुस्तक ‘पालखी’ सावानातून आणलं आहे. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हाच ते वाचायचं होतं, राहून गेलं. सावाना ही १८४० सालची संस्था, तिथल्या जुन्या प्रतींच्या समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणा असतात. कुणी एका जागी ‘खोटं!’ असं लिहिलंय. त्या गृहस्थांशी मी मनातल्या मनात भांडतो.

घ्यावा का, असं वहिनीनं विचारलं. तिला आधी विचारलं, वर्षभरात तू वाचतेस काय? मुख्यतः दिवाळी अंक. तीन-तीन स्तंभांची पानं, व्यंगचित्रं, मध्येच रंगीत जाहिराती. तिला सरळ नको म्हणून सांगितलं. आईला मात्र दुसरा घ्यायचाय, कारण हल्ली संध्याकाळी माझा माझ्या हाती लागत नाही.