श्रेडओएस आणि एनवाइप: सर्व्हर रूम उतरवताना सात महिन्यांच्या वापराचा अनुभव

जागा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली. कारखान्याची दोन रॅकची सर्व्हर रूम, ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) क्लाउडवर गेल्यामुळे सगळं उतरवायचं. डिस्क पुसायला श्रेडओएस. ही पेनड्राइव्हवरून चालणारी छोटी लिनक्स आहे, आणि प्रत्यक्ष पुसायचं काम तिच्यातलं एनवाइप करतं. दोन्ही फुकट. निकाल आधीच सांगून टाकतो: फिरत्या डिस्कसाठी डोळे झाकून घ्या, एसएसडीसाठी एनवाइपवर विसंबू नका.

डिस्क सर्व्हरमध्ये ठेवूनच पुसायचा मोह होतो. तो टाळा. रेड कार्ड (अनेक डिस्क जोडून एक करणारं कार्ड) खालच्या डिस्क लपवून एकच व्हर्च्युअल डिस्क पुढे करतं. ती पुसली तरी हॉट स्पेअर (आयत्या वेळी लागेल म्हणून ठेवलेली जादा डिस्क) आणि फेल म्हणून बाजूला पडलेली डिस्क तशीच राहते, आणि तिच्यावरचा डेटा बहुतेक वाचता येतो. म्हणून वेगळं बेंच लावलं: जुना टॉवर पीसी, आयटी मोड फर्मवेअरचं एलएसआय ९२०७-८आय कार्ड (हे एचबीए, म्हणजे रेड न करता प्रत्येक डिस्क सुटी दाखवणारं कार्ड) आणि दोन केबल. केबलच्या एका टोकाला कार्डात बसणारा एसएफएफ-८०८७ प्लग, दुसऱ्या टोकाला डिस्कला बसणारे चार एसएफएफ-८४८२. सर्व्हरच्या एसएएस आणि साध्या पीसीच्या साटा, दोन्ही प्रकारच्या डिस्क बसतात, एका वेळी आठ डिस्क लागतात.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. आठ एकदम सुरू झाल्या की १६ अँपिअर. स्वस्तातला एसएमपीएस तिथेच मान टाकतो, यादीतून दोन डिस्क गायब होतात आणि आपण केबल बदलत बसतो. दुसरा त्रास उष्णतेचा. ही एलएसआयसारखी कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली असतात, त्यामुळे हीटसिंकवर ४० मिमीचा फॅन आणि डिस्कच्या रांगेवर १२० मिमीचा फॅन हवाच. एनवाइप प्रत्येक डिस्कचं तापमान समोर दाखवतं, ही त्याची फार उपयोगी गोष्ट.

सेटिंग एकच ठेवा: एक पास (पूर्ण डिस्कवर एकदा लिहिणं), शेवटी व्हेरिफाय (पुसलंय का ते परत वाचून बघणं). ३५ पासची गुटमन पद्धत जुन्या एन्कोडिंगच्या डिस्कसाठी होती, आज ती फक्त वीजबिल वाढवते. ४ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद धरली तर एक पास साडेसात तासांचा, व्हेरिफायसह पंधरा. संध्याकाळी सहाला लावा, सकाळी नऊला झालेली असते. मध्येच लाइट गेली तर पहिल्यापासून सुरुवात, तेव्हा रूमचा यूपीएस सगळ्यात शेवटी उतरवा. आणि ऑटोन्यूक पर्यायाला हात लावू नका. तो न विचारता दिसेल ते पुसतो.

साटा डिस्कच्या ओळीत लपलेल्या सेक्टरचा इशारा आला, तर पुसणं थांबवून आधी एचडीपार्म या लिनक्स कमांडने एचपीए (डिस्कच्या शेवटचा भाग लपवणारी मर्यादा) काढा. नाहीतर मागचा तुकडा तसाच राहतो आणि सर्टिफिकेट मात्र हातात येतं.

जुन्या स्टोरेज बॉक्समधल्या डिस्क वेगळंच नाटक करतात. त्यांचा सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो, त्यामुळे लिनक्सला आकार शून्य दिसतो. डिस्क मेली म्हणून ती भंगारात टाकली जाते, आत डेटा शाबूत. एसजी-फॉरमॅट या कमांडने सेक्टर ५१२ चा करून घ्या आणि मग एनवाइप चालवा. हे फॉरमॅट मध्येच तुटलं तर डिस्क ‘फॉरमॅट करप्ट’ म्हणते. घाबरू नका, तीच कमांड पुन्हा द्या.

आता एसएसडी. वरून कितीही लिहिलं तरी राखीव ठेवलेल्या सेलपर्यंत ते पोचत नाही, म्हणून काम डिस्कच्या स्वतःच्या कंट्रोलरकडूनच करून घ्यावं लागतं. साटा एसएसडी एचबीएवर नको, मदरबोर्डच्या पोर्टवर लावा. साध्या लाइव्ह लिनक्सने मशीन सुरू करून एचडीपार्मने माहिती काढा. बहुतेक वेळा तिथे ‘फ्रोझन’ दिसतं, कारण बायोस सुरू होतानाच डिस्कचं सिक्युरिटी कुलूप गोठवतं. मशीन चालू ठेवूनच एसएसडीची पॉवर केबल दहा सेकंद काढून परत लावा, म्हणजे ‘नॉट फ्रोझन’ येतं. मग साधा एकअक्षरी पासवर्ड लावून सिक्युअर इरेज द्या, आणि तो पासवर्ड डिस्कवर चिकटवा. इरेज अर्धवट राहिलं तर डिस्क त्याच पासवर्डने बंद होते. एनव्हीएमई प्रकारच्या वेगवान एसएसडीला सॅनिटाइझ कमांड द्या आणि सॅनिटाइझ लॉगमध्ये पूर्ण झाल्याची नोंद बघूनच डिस्क काढा. स्वतःच एन्क्रिप्ट होणाऱ्या डिस्कच्या लेबलवर ३२ अक्षरांचा पीएसआयडी असतो, कुलूप लागलेली डिस्क त्याने पुसून रिसेट करता येते. ते लेबल फाटलं आणि पासवर्डही हाती नसला, तर अशी कुलूपबंद डिस्क फक्त श्रेडरच्या कामाची.

एनवाइप पीडीएफ सर्टिफिकेट देतं, त्यात सीरियल नंबर असतो. ऑडिटरला ते पुरतं, पण मुळातली यादी चुकलेली असेल तर काय उपयोग? कॅडीवरच्या (डिस्क बसवायच्या ट्रेवरच्या) स्टिकरवरून यादी करू नका. वॉरंटीत डिस्क बदलते, कॅडी तीच राहते. डिस्क बाहेर काढून तिच्या अंगावरचा नंबर लिहा. रॅकमधून निघताना, पुसल्यावर आणि गेट पासवर, तिन्ही ठिकाणी तोच नंबर जुळला पाहिजे. एक जरी कमी भरला तरी गाडी हलवू नका.

या पेनड्राइव्हला न दिसणाऱ्या जागाही आहेत. डेलच्या सर्व्हरमध्ये हायपरवायझरसाठी (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) दोन एसडी कार्डांचं मॉड्यूल असू शकतं, ते हाताने काढा. आयड्रॅकमध्ये किंवा आयएलओमध्ये (डेल आणि एचपीच्या सर्व्हरवर लांबून ताबा ठेवायची सोय) यूजर आणि पासवर्ड राहतात, तिथे फॅक्टरी रिसेट करा. सिस्को कॅटॅलिस्ट स्विचवर ‘राइट इरेज’ दिलं तरी व्हीलॅनची (नेटवर्कच्या विभागणीची) फाइल फ्लॅशमध्ये तशीच राहते, ती वेगळी डिलीट करावी लागते. बॅकअपच्या एलटीओ टेप डिगॉस करा, म्हणजे जोरदार चुंबकाने पुसा, पण त्याच डिगॉसरमध्ये एसएसडी घालणं म्हणजे निव्वळ करमणूक, कारण तिच्यात चुंबकीय असं काहीच नसतं.

कोल्हापुरात हमखास मिळणारा सल्ला: ‘फौंड्री शेजारीच हाय की, टाका भट्टीत!’ नको. डिस्कचं आवरण ॲल्युमिनियमचं, आणि ते थोडं जरी लोखंडात गेलं तरी कास्टिंगला पिनहोल पडतात. सर्किट बोर्डाचा धूर वेगळाच. शिवाय २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार माल नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडेच जायला हवा. वजनावर भाव करणाऱ्या भंगारवाल्याचं चलन तिथे चालत नाही.

पुसायच्या राहिलेल्या डिस्क तळमजल्यावर ठेवू नका, विशेषतः माल कोल्हापुरातल्या शाहूपुरीकडे असेल तर. २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी पाहिलाय. भिजलेली डिस्क एनवाइपला दिसत नाही, पण डेटा तबकडीवर असतोच, मग ती फोडायचाच खर्च येतो.

यूपीएस उतरवताना वायरमनला सांगून ठेवा: १२ व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे १९२ व्होल्ट डीसी, मेन बंद केला तरी जिवंत. आधी बॅटरी ब्रेकर पाडा, मग इन्सुलेटेड पान्याने मधली लिंक काढा, म्हणजे माळ अर्धी होते. अंगठी आणि कडं आधीच काढून ठेवा.

लॉग सर्व्हर (सगळ्या मशीनवरच्या घडामोडींच्या नोंदी ठेवणारा) पुसायची मात्र घाई करू नका. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग भारतातच जपायचे असतात. ते दुसरीकडे उतरवून, उघडून वाचता येतात हे तपासल्यावरच त्याची डिस्क बेंचवर आणा.