डीआय की एचडीपीई: पाणीपुरवठा खात्याला कसं पटवायचं

खात्याचा डीआयवर (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाचा पाइप) भरवसा आहे तो उगाच नाही. पाइप भक्कम, रबर रिंगचा जोड झटपट बसतो, शिवाय लोखंड असल्याने जमिनीखाली लोकेटरला, म्हणजे पुरलेली लाइन शोधणाऱ्या यंत्राला, सापडतो. एचडीपीई हा प्लास्टिकचा पाइप; तो सापडावा म्हणून सोबत तार टाकावीच लागते.

पण माती खारट, गंज चढवणारी असेल तर मी ठामपणे एचडीपीईच्या बाजूने आहे. त्याला गंज नाही. बट फ्यूजनमध्ये दोन पाइपांची तोंडं तापवून, वितळवून एकजीव केली जातात, म्हणून जमीन थोडीफार खचली तरी लाइन वाकते, जोड सहसा निखळत नाही. मात्र तोंडांचं फेसिंग, म्हणजे ती तासून सपाट करणं, नीट झालं नाही, धूळ राहिली, तर तोच जोड दगा देतो. पेट्रोल झिरपलेल्या जमिनीत एचडीपीई नको, हे अभियंत्यांना आपणहून सांगा.

एचडीपीईसाठी सगळं जाळं मागू नका. सतत फुटणारा एक पट्टा मागा आणि फ्यूजनच्या जोडाचा तुकडा त्यांच्यासमोर कापून दाखवा.