निर्णयाच्या नोंदी कोडशेजारीच: एका आंबा हंगामाचा अनुभव

रत्नागिरीत आमची छोटी टीम आंबा बागायतदार आणि व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवते. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही प्रत्येक मोठ्या निर्णयाची नोंद रेपॉझिटरीतच, म्हणजे गिट हे बदलांचा इतिहास राखणारं साधन सांभाळतं त्या कोडच्या फोल्डरमध्येच, ठेवतो. 'आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड' ही पद्धत मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडली. एका निर्णयाला एक छोटी मार्कडाऊन (साध्या मजकुराची) फाइल: परिस्थिती काय होती, काय ठरलं, निर्णय अजून लागू आहे का, परिणाम काय. निर्णय बदलला तरी जुनी फाइल पुसायची नाही, तिच्यावर नव्या फाइलचा उल्लेख टाकायचा. जोडीला व्हीएस कोड या एडिटरमध्ये गिटलेन्स, म्हणजे कोडची ओळ कुणी, कधी, कोणत्या बदलात लिहिली ते दाखवणारं एक्स्टेन्शन. बस्स.

आमच्या कोडमध्ये एक अट आहे, ती बघून काढून टाकायला कुणाही नव्या माणसाचा हात शिवशिवेल. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, १ एप्रिलपासून बिलांची मालिका नव्याने सुरू होते, पण बागायतदाराचं हंगामी खातं काही बंद होत नाही. कारण हापूसचा हंगाम ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. वाशीच्या बाजारातून दलालाच्या पट्ट्या (विक्रीचे हिशोब) मे संपेपर्यंत येत राहतात आणि बागायतदाराने घेतलेली उचल त्यांतूनच वळती होते. हे ज्याने लिहिलं तो आता पुण्याला असतो. नव्या सहकाऱ्याने त्या ओळीवर कर्सर नेला, गिटलेन्सने कमिट (गिटमध्ये नोंदलेला बदल) दाखवलं, कमिटच्या संदेशात नोंदीचा क्रमांक होता. नोंद उघडली तर सगळं कारण, शिवाय नमुन्याच्या पट्टीतल्या दोन ओळीसुद्धा. त्याने अट काढली नाही, उलट तिच्यासाठी टेस्ट लिहिली. पूर्वी अशी गोष्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठेतरी गाडलेली असायची, नाहीतर पुण्याला फोन लावावा लागायचा.

आमच्याकडे पावसात लाइट आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. गिटच्या क्लोनमध्ये, म्हणजे रेपॉझिटरीच्या प्रतीत, अख्खा इतिहास आपल्याच मशीनवर असतो, त्यामुळे लॅपटॉपला चार्जिंग आहे तोवर शोधाशोध, ब्लेम (कुठली ओळ कोणत्या कमिटमधून आली ते बघणं), नोंदी सगळं चालतं. निव्वळ एवढ्यासाठीही मी ऑनलाइन विकीकडे परत जाणार नाही.

त्रासही आहेत. फॉर्मॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) सगळ्या फाइलींवरून फिरला की ब्लेममध्ये त्याचंच कमिट दिसतं. त्यावर उपाय आहे: गिट २.२३ पासून अशी कमिटं एका फाइलमध्ये लिहून वगळता येतात. स्क्वॅश मर्ज (अनेक कमिटं एकात मिसळणं) करताना संदेश नीट राखला नाही तर 'का' उडून जातो आणि फक्त 'काय' उरतं, इथे रिव्ह्यू करणाऱ्यानेच अडून बसायला हवं. दोन ब्रँचमध्ये (कोडच्या वेगवेगळ्या शाखांत) काम करणारे दोघे नोंदीसाठी एकच क्रमांक घेतात, म्हणून आता फाइलच्या नावात तारीख घालतो. फाइलींची नावं मराठीत ठेवली तर गिट ती आकड्यांच्या जंजाळात दाखवतं. कोटपाथ हे सेटिंग बंद केलं की नावं सरळ दिसतात.

जुन्या कोडसाठी मागे जाऊन नोंदी लिहू नका, त्या अंदाजपंचे होतात. ज्या भागाला हात लावाल त्याचीच लिहा.

एडिटरमधल्या एआय सहायकालाही आम्ही सांगून ठेवलंय, पट्टीच्या कोडला हात लावण्याआधी नोंदी वाच. बहुतेक वेळा तो ऐकतो. मात्र शिळ्या नोंदीवरही तेवढाच विश्वास ठेवतो, त्यामुळे 'लागू आहे का' ही ओळ आता आम्ही प्रत्येक रिलीजआधी तपासतो.