थम्ब स्पायका स्प्लिंट: चतुर्थी ते दिवाळी वापरून

थम्ब स्पायका स्प्लिंट, म्हणजे अंगठा आणि मनगट हलू नये म्हणून बांधायचा पट्टा, घ्यायचा असेल तर निओप्रीनचा (रबरासारख्या जाड कापडाचा) घेऊ नका, निदान गोव्यात तरी. बाकी सगळं नंतर.

मिरगाच्या पावसात चिऱ्याच्या पायरीवर घसरले, उजवा हात टेकला. अंगठा ताणला की मुळाशी जो खड्डा पडतो ना, तिथे दाबलं की जीव जायचा, पण एक्सरेत काहीच नाही. डॉक्टर म्हणाले स्कॅफॉइडची (मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड) चीर पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही, १०-१४ दिवसांनी परत काढू, तोवर मोडलंय असंच धरायचं. दुसऱ्यात दिसली. काजूएवढं हाड, पण त्याला रक्त बहुतेक अंगठ्याकडच्या टोकाने येतं, त्यामुळे मनगटाकडच्या बाजूला मोडलं तर जुळायला फार वेळ लागतो. आधी प्लास्टर, चतुर्थीच्या तोंडावर ते निघालं आणि मग हा वेल्क्रोवाला.

पहिला ऑनलाइन मागवला, निओप्रीनचा. सप्टेंबरच्या दमट हवेत आत नुसता घाम, पुरळ, आणि धुतला की दोन दिवस वाळत नाही! मग फोंड्याला दुकानात जाऊन जाळीच्या कापडाचा आणला, आत अॅल्युमिनियमची पट्टी, ती काढून कापड धुता येतं. उजवा-डावा वेगळा असतो, मनगटाचा घेर टेपने मोजूनच साइज घ्या.

घालायची पद्धत फिजिओने दाखवली तशीच ठेवलीय. हातात पाण्याचा ग्लास धरल्यासारखा अंगठा, मनगट जरासं मागे, आत सुती होजिअरीची नळी सुरकुती न पाडता. आधी मनगटाचा पट्टा, मग हाताचा, अंगठ्याचा शेवटी. अंगठ्याचं शेवटचं पेर आणि बाकीची चारही बोटं मोकळीच राहिली पाहिजेत, नाहीतर बोटं आखडतात. नख दाबून सोडायचं, दोनेक सेकंदात परत गुलाबी झालं तर ठीक, पांढरं राहिलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करायचं. घट्ट म्हणजे चांगलं असं आमच्या सासूबाईंना अजून वाटतं, येता-जाता पट्टा ओढून बघतात.

याने काय होत नाही तेही सांगते. विळीवर नारळ खवता येत नाही, स्कूटर तर विसराच, अॅक्सिलरेटर पिळायला तोच हात लागतो. मोबाइल डाव्या अंगठ्याने, हे सगळं तसंच टाइप केलंय. वेल्क्रोला धागे, केस, नारळाच्या शेंड्या काय वाटेल ते चिकटतं, जुन्या टूथब्रशने साफ केलं की पकड परत येते. पट्टीचं टोक तळहाताला टोचायचं, तिथे कापूस घालून चिकटपट्टी लावलीय, कंपनीने एवढं करायला हरकत नव्हती.

दुखणं मात्र बसलंय. आता दिवसा काढते, फिजिओचे व्यायाम चालू आहेत, ओझं उचलताना आणि बसमध्ये उभं राहून जायचं असेल तेव्हा घालते. ताज्या दुखापतीला मात्र दुकानातून आणून स्वतःच बांधून बसू नका, आधी एक्सरे काढा.