गोठ्याच्या कुंपणाचे खांब: 20 महिन्यांनी कोणता उभा, कोणता कलला, कोणता सडला

मे 2023 मध्ये आमच्या मुक्त संचार गोठ्याला कुंपण केलं. जागा दहा गुंठे, 121 बाय 90 फूट, म्हणजे भोवतीने 422 फूट. आत पाच संकरित गाई आणि बावीस उस्मानाबादी शेळ्या, दोघींत मध्ये एक आडवी जाळी. गाव बार्शी तालुक्यात, एका अंगाला ओढा, माळाकडून कधीमधी लांडगा येतो आणि गावातली कुत्री तर रोजची. त्यामुळे कुंपण नुसतं हद्द दाखवायला नव्हतं.

जाळी सगळीकडे एकच घेतली, पाच फुटी चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत विणलेली. खांब मात्र एका प्रकारचे घेता आले नाहीत. वरच्या मुरमाड बाजूला आणि खाली ओढ्याकडच्या काळ्या रानात सिमेंटचे पोल, पश्चिमेला गव्हाणीच्या बाजूला लोखंडी अँगल (काटकोनी पट्टी), पूर्वेला बांधावरच्या बाभळी तोडून केलेले लाकडी खांब, आणि कोपऱ्यांना व फाटकाला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. पैसे जसे हातात आले तसा माल आला. पण त्यामुळे चारही प्रकार एकाच ऊन-पावसात, त्याच जनावरांखाली बघायला मिळाले. आता 20 महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं वर्ष वरवर बघता सगळेच खांब चांगले दिसत होते. 2023 ला पावसाने दडी मारली, तालुका दुष्काळी जाहीर झाला, काळी जमीन फुगलीच नाही. ते वर्ष बघून मी दोन पाहुण्यांना सिमेंटचे पोल घ्या म्हणून सांगितलंही. खरी परीक्षा 2024 च्या पावसाने घेतली.

आधी सिमेंटच्या पोलांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त तेच होते. एकाच गाडीतून आलेले सात फुटी, आत चार लोखंडी तारा घातलेले पोल. दोन फूट जमिनीत, पाच फूट वर, दर आठ फुटांवर एक. मुरमाच्या बाजूला पहारीने खड्डे घ्यायला जीव निघाला, पण दगड-मुरूम ठोकून बसवलेले ते पोल आजही ओळंब्यात आहेत. ओढ्याकडचे पंधरापैकी नऊ कलले. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, हे आपल्याला शेतात माहीत असतं. पण खड्डा बुजवताना मजुरांनी निघालेली तीच माती परत लोटली आणि मीही बघत उभा राहिलो. भेग पोलाच्या कडेनेच पडते. पाऊस आला की पाणी त्या भेगेतून थेट बुडाशी जातं, माती लोण्यासारखी होते, आणि वरून गाय अंग घासायला आली की चार-साडेचारशे किलोच्या अंगाचा रेटा बसतो.

यात पोलाचा दोष नाही. नऊही पोल काढून अडीच फुटांचे खड्डे घेतले, तळाला चार बोटं खडी टाकली, पोल ओळंब्यात धरून भोवतीने दगड आणि मुरूम थरथराने ठोकला. एक मूठसुद्धा काळी माती आत जाऊ दिली नाही. हे काम ऑगस्टच्या उघडिपीत केलं, त्यानंतर परतीचा पाऊस जोरात झाला तरी एकही हलला नाही. सात फुटी पोल अडीच फूट गाडला की वर साडेचारच फूट उरतो आणि जाळीची वरची कड मोकळी राहते, म्हणून काळ्या रानासाठी आठ फुटी पोलच घ्या.

पोल विकत घेताना टोकाकडे बघा. तारा कडेपासून पुरेशा आत, सारख्या अंतरावर असाव्यात, अगदी कडेला आलेल्या नसाव्यात. तार कडेला असली की ओल तिथवर पोचते, गंज चढला की तार फुगते आणि सिमेंट उभं चिरतं. माझ्या दोन पोलांना तशी चीर आली आहे. आणि पोल ताजे असतील तर उचलू नका. विकणारा घाई करतो, पण नीट तीन आठवडे पाणी न मारलेला पोल ट्रॉलीतून उतरवतानाच मोडतो. आमचे चार असेच गेले.

आता अँगल. सगळ्यात जास्त वाईट मला याचंच वाटलं. दीड इंची, पाच एमएम जाडीचा, आठ फुटी अँगल सांगून घेतला. 40 बाय 40 चा पाच एमएम अँगल मीटरला तीन किलो भरतो, म्हणजे आठ फुटाला सव्वासात किलोच्या वर. पुढे दुरुस्तीसाठी एक उपटला तेव्हा काट्यावर ठेवला, तर सहा किलोही भरला नाही. म्हणजे चार एमएम. अँगल नगावर घेऊच नये, किलोवर घ्यावा आणि एक तरी नग आपल्यासमोर तोलून घ्यावा.

पण जाडीपेक्षा जास्त नुकसान जागेने केलं. बारा अँगलपैकी सात गव्हाणीजवळ होते. गाई तिथेच तासन्तास उभ्या, तिथेच मूत, तिथेच शेण. काँक्रीट जमिनीच्या बरोबरीने ओतलेलं, त्यामुळे अँगलच्या बुडाशी वाटीसारखा खळगा झाला आणि त्यात मूत साचत राहिलं. गंज रोखणारा रेड ऑक्साइड आणि वरून ऑइलपेंट दोन हात दिला होता. आठव्या महिन्यात रंगाला फोड आले, 2024 च्या पावसाळ्यात पापुद्रे निघू लागले, आणि परवा पक्कडीने टोकरलं तर एका ठिकाणी आरपार भोक पडलं. त्याच रांगेतले बाकीचे पाच, गव्हाणीपासून लांबचे, अजून ठणठणीत. लोखंड तेच, रंग तोच, वेल्डरही तोच.

तेव्हापासून मी कोणाचंही कुंपण बघायला गेलो की वर बघत नाही, वाकून बूड बघतो. जमिनीलगतची एक वीत, खाली चार बोटं आणि वर चार बोटं. ओल आणि हवा दोन्ही तिथेच एकत्र मिळतात. खोल मातीत लाकूड लवकर कुजत नाही, वर उघड्यावर ते वाळून जातं. सडतो तो मधला भाग. अँगलचं तसंच, बाभळीचं तसंच.

त्या सात जागी आता दोन इंची जीआय पाइप बसवतोय, निळ्या पट्ट्याचा. पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. काँक्रीट जमिनीच्या वर अर्धा फूट उचलून घेतलंय आणि वरून चारी बाजूंनी उतार दिलाय, म्हणजे मूत पाइपाला न टेकता वाहून जाईल. कोपऱ्यांचे पाइप पहिल्यापासून असेच केले होते, त्यांना अजून डाग नाही. फक्त वरचं तोंड बंद करायला विसरू नका. फाटकाचा एक पाइप उघडा राहिला, पाणी आत साठलं आणि वेल्डिंगच्या जोडातून तांबडं पाणी झिरपायला लागलं. टोपी बसवली तेव्हा थांबलं.

बाभळीबद्दल मी स्वतः साशंक होतो, वडील ठाम होते. त्यांनी जुनी, काळपट सालीची झाडं निवडली, हिवाळ्यात तोडली, साल पूर्ण सोलली, कारण सालीखालीच किडे घर करतात. बूड जाळून काळं केलं आणि वर गरम डांबर लावलं. बारा खांबांपैकी आठ, ज्यांचा तांबूस गाभा जाड होता, ते आज पहारीने ठोकले तरी घट्ट वाजतात. चार कोवळ्या झाडांचे होते, आत पांढरं लाकूड जास्त. दुष्काळाच्या वर्षी त्यांना वाळवी लागली आणि 2024 च्या पावसात दोन जमिनीपाशी मोडले. म्हणजे वडिलांचं बरोबर होतं, मी शेवटी घाईने आणलेले चारच चुकले.

एक कळकळीची विनंती आहे. लाकडाला जळकं इंजिन ऑइल फासू नका. शेळी दिसेल ते चाटते, अंग घासते, करडं तर खांब चघळतात. मोरचुदाच्या पाण्यात बुडवायचं कोणी सुचवलं तर, मोरचुदात तांबं असतं म्हणून, मेंढ्या असणाऱ्यांनी दोनदा विचार करावा, मेंढीला तांबं लवकर बाधतं. आणि काटेरी तार गाईंच्या उंचीला कुठेही नको. शेजारच्या गोठ्यात गाईचा सड फाटलेला मी पाहिलाय, तो टाक्यांनीही नीट झाला नाही.

शेळ्यांचा त्रास वेगळाच. त्या खांबाला काही करत नाहीत, पुढचे दोन पाय जाळीवर टाकून उभ्या राहतात. बाइंडिंग वायर झिजते, जाळी पोटाशी ओघळते आणि खालून कुत्र्याला वाट होते. म्हणून खालची कड मी आता जाड तारेत ओवून दर खांबाला आवळली आहे. बाहेरून गिरिपुष्पाच्या काड्या लावल्या होत्या, पुढे तेच जिवंत खांब होतील या आशेने. जाळीला खेटून लावलेल्यांची साल शेळ्यांनी महिनाभरात सोलून खाल्ली. चार फूट लांब लावलेल्या मात्र मनगटाएवढ्या झाल्या आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांचाच पाला कापून, सुकवून शेळ्यांना घालतो.

आमच्या जुन्या खळ्यापाशी आजोबांनी उभे केलेले दोन काळे दगडी खांब आहेत. आज तसे घडवून घ्यायचे म्हटलं तर परवडणार नाहीत, पण फाटकासाठी ते दोन उचलून आणायचं ठरवलंय. उन्हाळ्यात जमीन कडक झाली की ट्रॅक्टर लावून काढू, तोवर पाइपांवरच फाटक चालू आहे.