न्यूपोर्ट की टेल्युराइड? उन्हाळ्यात एकच लोकसंगीत महोत्सव करायचा असेल तर

अमेरिकेत राहून कंट्री-फोकची गोडी लागली आणि रजा व खिसा पाहून उन्हाळ्यात एकच महोत्सव गाठायचा ठरला, तर शोध बहुधा दोन नावांवर येऊन थांबतो: ऱ्होड आयलंडचा न्यूपोर्ट फोक आणि कोलोरॅडोचा टेल्युराइड ब्लूग्रास (ब्लूग्रास म्हणजे बँजो-मँडोलिनच्या साथीचं अमेरिकी लोकसंगीत). एक जुलैअखेर तीन दिवस, दुसरा वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास चार दिवस. गर्दी दोन्हीकडे दिवसाला दहा हजारांच्या घरात, म्हणजे सोसण्याजोगी. तिकिटं दोन्हीकडची लवकर संपतात. न्यूपोर्टची तर बहुतेक वेळा कोण गाणार हे कळण्याआधीच.

न्यूपोर्टचं पारडं सुरुवातीलाच जड असतं. 1959 पासूनची परंपरा, 25 जुलै 1965 ला गायक बॉब डिलननं साध्या गिटारऐवजी इलेक्ट्रिक गिटार घेतली ती हीच जत्रा, आणि 2022 मध्ये गायिका जोनी मिचेल अचानक मंचावर आली तीही इथेच. आधी जाहीर न करता मंचावर येणारे पाहुणे हे न्यूपोर्टचं खरं वैभव. फोर्ट अ‍ॅडम्सचा किल्ला, मागे बंदर, शिडाच्या होड्या. संध्याकाळी आठच्या सुमारास सगळं आटोपतं, त्यामुळे लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर हे फार सोयीचं. बॉस्टनहून दीड-दोन तासांचा रस्ता. मुक्काम मात्र गावात शोधू नका. त्या आठवड्यात भाडी अवाच्या सवा असतात. प्रॉव्हिडन्सला राहिलेलं बरं. किल्ला भूशिराच्या टोकाला असल्यानं सुटताना गाड्यांची लांब रांग लागते, म्हणून गावातून वॉटर टॅक्सी किंवा सायकल घ्या.

आता अडचण. न्यूपोर्टला तीन मुख्य स्टेज एकाच वेळी चालू असतात: फोर्ट, क्वाड आणि हार्बर. वेळापत्रक हातात आलं की आपल्या आवडीचे दोघे एकमेकांवर पडलेले दिसतात, आणि हे एकदा नव्हे, रोज घडतं. एक सोडून दुसरीकडे धावायचं तर सतरंजी गुंडाळा, खुर्च्या उचला, गर्दीतून वाट काढा. क्वाड किल्ल्याच्या तटबंदीच्या आत आहे. नावाजलेला गायक असला की ते आधीच भरतं. दहा मिनिटं उशिरा पोचलात तर एरवी बिघडलं नसतं, पण बॅलड ही गोष्ट असते. पहिली दोन कडवी हुकली की कोण मेलं आणि का, हेच कळत नाही. पॉप मैफलीत हे खपतं, इथे नाही. माझ्या मते दिवसभरात निम्मं ऐकणं आणि निम्मं धावणं होतं, आणि माझा कौल याच एका गोष्टीनं फिरवला.

टेल्युराइडच्या टाउन पार्कात मुख्य स्टेज एकच. सकाळी सतरंजी पसरली की दिवसभराची बैठक ठरली. सवाई गंधर्वला एकाच मंचासमोर भारतीय बैठकीत बसलेल्याला हे सांगावं लागणार नाही. दोन बँडच्या मधे मंचावर मांडामांड चालू असताना पडद्यापुढे एखादा-दुसरा वादक छोटा कार्यक्रम करतो, त्याला ‘ट्वीनर’ म्हणतात; नव्या माणसांची ओळख बऱ्याचदा तिथेच होते. नवोदितांची बँड स्पर्धाही असते. 2006 ची स्पर्धा ग्रीनस्काय ब्लूग्रासनं जिंकली होती. मँडोलिनवादक सॅम बुश 1975 पासून दरवर्षी येतो, त्यामुळे बँड बदलले तरी मँडोलिन, डोब्रो (आडवी धरून वाजवायची गिटार) आणि बँजोची तीच मंडळी पुन्हा पुन्हा एकमेकांच्या मैफलीत शिरतात. चार दिवस सलग ऐकलं की कान त्यांचे संवाद ओळखू लागतो, आणि हे न्यूपोर्टच्या धावपळीत सहसा साधत नाही.

किंमतही मोजावी लागते. गाव 8,750 फुटांवर आहे. एक दिवस आधी पोचा, पाणी भरपूर प्या आणि पहिल्या रात्री दारू टाळा, नाहीतर डोकं ठणकतं. दुपारी ऊन भाजतं, तिसऱ्या प्रहरी विजांसह सर येते, आणि रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून टोपी, रेनकोट आणि जाड जाकीट तिन्ही एकाच पिशवीत हवीत. कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतो. पुढची जागा हवी तर सकाळी फाटक उघडण्याआधी रांगेत उभं राहावं लागतं. डेन्व्हरहून सहा-सात तास गाडी, किंवा माँट्रोजपर्यंत विमान आणि पुढे दीड तास. गावात जागा मिळाली नाही तर शेजारच्या माउंटन व्हिलेजमध्ये राहून फुकट गंडोला (दोरावरचा पाळणा) घ्या.

टेल्युराइडला तंबूत मुक्काम करून तिथे वाजवायला स्वतःची गिटार नेणार असाल तर केसमध्ये ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर ठेवणारी वस्तू, ठेवा. तिथल्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, वरची फळी खाली बसते आणि तारा फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडायला लागतात. न्यूपोर्टच्या दमट खाऱ्या वाऱ्यात उलट फळी फुगते आणि तारा उंच चढतात, पण तिथे तंबूत राहण्याची सोयच नाही, त्यामुळे वाद्य नेण्याची फारशी गरज पडत नाही.

हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल, किंवा तीन दिवसांहून जास्त रजा नसेल, तर न्यूपोर्ट निःशंक निवडा आणि वेळापत्रक आलं की दर दिवशी एकच स्टेज पक्कं करा. नाहीतर टेल्युराइडच्या कॅम्पिंगच्या सोडतीत आधी नाव घाला, विमानाचं तिकीट नंतर बघा.